रिकामा रकाना काय सांगतो

आरोग्यविषयक संशोधनात गोळा होणाऱ्या माहितीत रिकाम्या जागा असतातच. रुग्ण तिसऱ्या तपासणीला फिरकत नाही, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच खराब होतो, उत्पन्नाच्या प्रश्नावर उत्तर मिळत नाही, गाव सोडून गेलेल्या मजुराचा ठावठिकाणा लागत नाही. तक्त्यात त्या जागी काहीच लिहिलेले नसते. या रिकाम्या रकान्यांचे काय करायचे, हे संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातले एक प्रकरण आहे, आणि बाकीचे लोक ते तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतात. माझ्या मते हा प्रश्न मुळात प्रमाणशास्त्राचा आहे. जे आपल्याला कळले नाही त्यावरून आपल्याला काही कळू शकते का, आणि कळत असेल तर कोणत्या अटीवर? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर काही शतके वाद घातला. संख्याशास्त्राला तो नीट मांडता आला गेल्या पन्नास वर्षांत. दोन्हीकडचा युक्तिवाद शेजारी ठेवला की एक गोष्ट स्पष्ट होते: न दिसलेल्यांबद्दल गप्प राहण्याची सोय संशोधकाला नसते, आणि म्हणून आपण त्यांच्याबद्दल काय गृहीत धरले ते उघड सांगणे हा त्याच्या सत्यनिष्ठेचाच भाग ठरतो.

सर्वात रुळलेली वाट म्हणजे ज्या ओळीत एखादा रकाना रिकामा आहे ती अख्खी ओळच हिशेबातून वगळणे. संख्याशास्त्राचे बहुतेक प्रोग्रॅम वेगळी सूचना दिली नाही तर हेच करतात, आणि तेही न बोलता. वरून पाहता यात विनय दिसतो. हाती आहे तेवढ्यावरच बोलू, नाही त्याबद्दल तोंड उघडणार नाही, असा. पण समजा हजार रुग्णांपैकी सातशे शेवटपर्यंत टिकले आणि त्यांच्या आकड्यांवरून आपण लिहिले की या औषधाने इतका गुण येतो. वाचणारा डॉक्टर हे वाक्य त्या सातशेंपुरते घेत नाही, पुढे त्याच्या दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांना तो ते लावतो, आणि लिहिणाऱ्याचीही तीच अपेक्षा असते. म्हणजे उरलेल्या तीनशेंबद्दल आपण काही बोललो नाही असे वाटत असतानाच एक मोठे विधान करून बसलो आहोत: ते तीनशे या सातशेंसारखेच होते. ज्यांना औषध सोसले नाही तेच निघून गेले असतील तर हे विधान खोटे आहे, आणि ते अहवालात कुठेही लिहिलेले नसल्यामुळे खोडायलाही सापडत नाही.

जमिनीवर घट नाही हे आपल्याला कसे कळते, या साध्या प्रश्नावर आपल्याकडे केवढा काथ्याकूट झाला! सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी अभावाच्या ज्ञानासाठी स्वतंत्र प्रमाण मानले. वस्तूची उपलब्धी न होणे हेच तिच्या अभावाच्या ज्ञानाचे साधन, असे भाट्ट मीमांसकांचे आणि पुढे अद्वैत्यांचे म्हणणे. मीमांसेतल्याच प्रभाकरांना ते मान्य नव्हते. नैयायिक म्हणाले, डोळ्यांना जमीन दिसते तसाच तिच्यावरचा घटाभावही दिसतो, वेगळे प्रमाण कशाला हवे? बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी अनुपलब्धीला अनुमानाचा एक हेतू मानले. भांडण कडाक्याचे होते, पण एका अटीवर वादी-प्रतिवादी बरेचसे एक होते, आणि मला ती अट या सगळ्या वादातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते. न दिसणे हे नसण्याचा पुरावा तेव्हाच होते, जेव्हा ती वस्तू असती तर नक्की दिसली असती. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, मध्ये आडपडदा नाही, आणि घट ही दिसण्याजोगी वस्तू आहे. या योग्यतेशिवायची अनुपलब्धी काहीच सिद्ध करत नाही. धर्मकीर्तींच्या परंपरेत यासाठी पिशाचाचे उदाहरण येते. स्वभावतःच जे दृष्टीच्या पलीकडचे मानले आहे ते दिसले नाही म्हणून ते नाही असे ठरत नाही, फक्त संशय उरतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यातही संशयाहून अधिक काही हाती लागत नाही.

उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त चार्वाकावर जो आक्षेप घेतला तो याच अटीवर उभा आहे. प्रत्यक्ष दिसत नाही ते नाहीच, असे मानणारा चार्वाक घराबाहेर पडला की त्याला बायकामुले दिसेनाशी होणार. मग त्याने ती नाहीत असे ठरवून तिथेच शोक करायला हवा. पण तो संध्याकाळी घरी परततो. म्हणजे ‘मला दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांच्यात अंतर आहे हे तो वागण्यात मानतो. जिल्हा रुग्णालयाच्या नोंदवहीत एखाद्या रोगाची नोंद नाही म्हणून तो रोग जिल्ह्यात नाही असे समजणारी आरोग्ययंत्रणा या चार्वाकाहून कच्ची ठरते, कारण ती आपल्या समजुतीप्रमाणे खरोखरच वागते. नोंद नाही तिथे ती डॉक्टर नेमत नाही की औषध पाठवत नाही.

संख्याशास्त्रात हा विचार नेमकेपणाने आला तो १९७६ साली, डोनाल्ड रुबिन यांच्या ‘बायोमेट्रिका’मधल्या लेखातून. तोवर रिकाम्या जागा ही कामातली अडचण मानली जाई. जागा रिकामी का राहिली या प्रक्रियेलाच अभ्यासाचा विषय करायला हवे, असे रुबिन यांनी दाखवले. त्यातून पुढे तीन प्रकार रूढ झाले. पहिल्यात गहाळ होण्याचा कशाशीच संबंध नसतो. परीक्षानळी हातातून निसटून फुटली. ज्याचे रक्त सांडले तो इतरांपेक्षा वेगळा असण्याचे कारण नाही. दुसऱ्यात गहाळ होण्याचा संबंध आपल्याकडे नोंदलेल्या गोष्टींशी असतो. वयस्कर रुग्ण तपासणीला कमी येतात, पण प्रत्येकाचे वय आपल्याला ठाऊक आहे आणि एकाच वयाच्या रुग्णांमध्ये येणारे व न येणारे यांच्यात आणखी फरक नाही. तिसरा प्रकार सर्वात अवघड. तिथे गहाळ होण्याचे कारण त्या न मिळालेल्या उत्तरातच दडलेले असते. नैराश्यावरच्या औषधाच्या चाचणीत ज्याचे नैराश्य वाढले तोच त्या आठवड्यात घराबाहेर पडू शकला नाही. आपल्याला जे मोजायचे होते त्यानेच मोजणीचा रस्ता अडवला. इथे विचार करणाऱ्या माणसाला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की आपल्यासमोर दुसरा प्रकार आहे की तिसरा, हे हातातली माहिती कितीही घुसळली तरी तिच्यातून निघत नाही. तो फरक ठरवायला नेमकी ती उत्तरे लागतात जी आपल्याकडे नाहीत. ते बाहेरून ठरवावे लागते: रोगाच्या, माणसांच्या आणि त्यांच्या परिस्थितीच्या जाणकारीवरून. दर्शनकारांच्या भाषेत, योग्यता होती की नव्हती हे अनुपलब्धी स्वतः सांगू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आणि वजनदार आहे. माहिती नाही तर नाही म्हणा, स्वतःच्या मनाने आकडे भरणे म्हणजे बनाव. काही पद्धतींना हा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. वैद्यकीय चाचण्यांत बराच काळ एक रीत चालली: रुग्ण मध्येच निघून गेला तर त्याचा शेवटचा नोंदलेला आकडा पुढच्या सगळ्या भेटींसाठी तसाच ओढत न्यायचा. स्मृतिभ्रंशासारख्या आजारात, जो महिन्यामहिन्याने वाढतच जाणार आहे, याचा अर्थ काय होतो पाहा. एखाद्या औषधाचा त्रास होऊन रुग्ण लवकर बाहेर पडले, की त्यांचे सुरुवातीचे बरे गुण वर्षअखेरीपर्यंत टिकलेले दिसतात. जे औषध माणसांना जास्त पळवून लावते तेच जास्त गुणकारी ठरण्याची वेळ येते. सरासरी काढून सगळ्या रिकाम्या जागांत तीच भरणे हेही याच पंगतीतले. दोन्हींत एक अंदाज खऱ्या मोजणीच्या वेषात तक्त्यात शिरतो आणि मग कोणाला ओळखू येत नाही.

पण रुबिन यांनीच पुढे आणलेली मल्टिपल इम्प्युटेशनची पद्धत, जिच्यावर त्यांचे पुस्तक १९८७ मध्ये आले, या आक्षेपाला उत्तर म्हणूनच घडली आहे. तिच्यात प्रत्येक रिकाम्या जागी एक आकडा न भरता अनेक आकडे भरतात. नोंदलेल्या माहितीवरून जे जे शक्य वाटते त्यातून यदृच्छेने उचललेला एक आकडा पहिल्या प्रतीत, दुसरा दुसऱ्या प्रतीत, असे करत पाच, वीस, पन्नास पूर्ण तक्ते तयार होतात. प्रत्येकावर तेच गणित केले जाते. उत्तरे एकमेकांपासून जितकी फटकून निघतील तितकी अंतिम उत्तराच्या अनिश्चिततेत भर पडते. अमक्या रुग्णाचा रक्तदाब इतका होता, असा दावा इथे कोणी करत नाही. आपण किती अज्ञानात आहोत हे ती मोजते आणि निष्कर्षाच्या अंगावर लिहून ठेवते. बनावाचे लक्षण अज्ञान लपवणे हे असेल, तर ही पद्धत त्याच्या नेमकी उलट दिशेने जाते.

ती चुकीची वापरली तर काय होते याचे एक बोलके उदाहरण ब्रिटनचे आहे. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार होण्याची शक्यता सांगणारे क्यूरिस्क नावाचे सूत्र २००७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. लाखो लोकांच्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी त्यामागे होत्या, पण कोलेस्टेरॉलचे आकडे बहुसंख्य लोकांच्या बाबतीत नव्हते, म्हणून ते मल्टिपल इम्प्युटेशनने भरले. निष्कर्ष असा आला की कोलेस्टेरॉलच्या प्रमाणाचा हृदयविकाराशी जवळपास संबंधच नाही! वाचकांनी लगेच शंका काढल्या. ज्यांची माहिती पूर्ण होती तेवढ्यांवर गणित केले तर अपेक्षित संबंध दिसत होता, आणि सुधारित पद्धतीने जागा भरल्यावर पुन्हा दिसला. घोटाळ्याचे एक कारण पुढे चर्चेत आले ते असे की कोलेस्टेरॉलचा अंदाज करताना त्या व्यक्तीला पुढे हृदयविकार झाला की नाही ही माहिती विचारात घेतलेली नव्हती. हे ऐकून पुष्कळांना वाटते की बरोबरच केले. कार्यावरून कारण भरायचे आणि मग त्याच कारणाचा कार्याशी संबंध तपासायचा, हा तर उघड अन्योन्याश्रय दोष झाला. नीट विचार केला तर उलटे निघते. दोघांमध्ये संबंध असेल, तर माणसाला पुढे झटका आला ही गोष्ट त्याच्या कोलेस्टेरॉलबद्दल काही सांगते. ती बाजूला ठेवून आकडे उचलले, की भरलेल्या जागांपुरते दोघांत काहीही नाते नाही असे आपणच ठरवून टाकले. आणि भरलेल्या जागाच जास्त असतील तर तो गृहीत धरलेला नातेअभाव निष्कर्ष होऊन बाहेर येतो. ज्याला तटस्थपणा समजले ते एक ठाम मत होते. ‘माहीत असलेले सगळे वापरा’ हा नियम इथे शिस्तीच्या पलीकडे जातो; जे वापरले नाही ते शून्य मानले, असा त्याचा अर्थ असतो.

दुसरा आक्षेप जास्त खोलवर जातो. हे सगळे दुसऱ्या प्रकारच्या गृहीतकावर उभे आहे, आणि ते तपासता येत नाही हे तुम्हीच म्हणालात. मग ही श्रद्धाच झाली. विज्ञानाच्या नावाने श्रद्धा कशाला चालवायची? मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. तपासता न येणारे गृहीतक आहे, आणि ते वजा करून इथे एक पाऊलही टाकता येत नाही. ओळी वगळणाऱ्यालाही नाही. पण तपासता न येणाऱ्या गोष्टीशी माणूस कसा वागतो यात जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने २०१० मध्ये औषध-चाचण्यांतल्या गहाळ माहितीवर जो अहवाल दिला त्याचा एक मुख्य आग्रह संवेदनशीलता-विश्लेषणाचा होता. त्याची रीत अशी: न आलेले रुग्ण आलेल्यांपेक्षा थोडे वाईट असतील असे धरून गणित करा; मग आणखी वाईट, मग त्याहून वाईट. कोणत्या टप्प्यावर निष्कर्ष उलटतो ते पाहा आणि छापा. अगदी थोड्या फरकाने उलटत असेल तर निष्कर्ष नाजूक आहे. न आलेले सगळे मरणपंथाला लागले होते असे धरल्याशिवाय उलटत नसेल, तर तो भक्कम आहे. अद्वैताच्या ‘वेदान्तपरिभाषे’त योग्यता ठरवायला जो तर्क सांगितला आहे, ‘असता तर दिसला असता’, त्याचीच ही आकड्यांतली चाल आहे. श्रद्धेवर कोणाचा विश्वास असो-नसो, ‘मी चुकलो असेन तर किती चुकल्यावर माझे म्हणणे कोसळेल’ हे स्वतःहून मोजून दाखवणाऱ्याला अंधश्रद्ध म्हणता येणार नाही.

तरीही गणिताने किती दूर जाता येते याला मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेपाशी उपाय असतो तो पायांचा. मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ मध्येच तो मांडला होता: टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीला ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांच्यातून यदृच्छेने काहींना निवडा आणि त्यांच्या दारी माणूस पाठवा. सगळ्यांकडे जाण्याची गरज नाही. थोड्यांचे उत्तर बाकीच्यांच्या वतीने बोलते. युगांडातल्या म्बरारा इथल्या एचआयव्ही उपचारकेंद्रात हेच झाले, त्याचा वृत्तान्त २००८ मध्ये छापून आला. तिथे ८२९ रुग्ण उपचारातून गायब झाले होते. त्यांतल्या १२८ जणांचा शोध घेतला, १११ जणांची खबर लागली, आणि त्यांपैकी ३२ मेलेले निघाले. केंद्राच्या कागदांवर हे लोक केवळ ‘येत नाहीत’ एवढेच होते. या शोधाने कार्यक्रमातल्या मृत्युदराचा अंदाज कित्येक पटींनी वाढला.

महाराष्ट्रात याहून थेट दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. यापूर्वी तशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. ४५ टक्के स्त्रियांची तर काही तक्रारही नव्हती. तोवरच्या नोंदींत या बायकांचे रकाने रिकामेच होते, आणि ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावर यंत्रणेचे समाधान होते. इथे कोणतेही इम्प्युटेशन कामाला आले नसते. ज्या ८ टक्के दवाखान्यापर्यंत पोहोचल्या त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा, तर त्या का पोहोचू शकल्या आणि इतर का नाही हे आधी कळायला हवे होते. योग्यता आयती मिळत नाही, ती निर्माण करावी लागते, हे या अभ्यासातून मला सर्वात ठळकपणे दिसते. गावात तपासणीची सोय उभी राहिली, विश्वास बसला, स्त्री-डॉक्टर समोर आली, तेव्हा कुठे ‘रोग असता तर दिसला असता’ हे वाक्य उच्चारायला जागा झाली. दर्शनकारांनी उजेड गृहीत धरला होता. सार्वजनिक आरोग्यात उजेड कुणाला तरी वाहून न्यावा लागतो.

न दिसलेले नेहमी जास्त आजारीच असतात, अशी मात्र समजूत करून घेऊ नये. भारतातल्या एचआयव्ही-बाधितांचा आकडा अनेक वर्षे पन्नास लाखांच्या वर सांगितला जाई. तो मुख्यतः ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्यांच्या तपासण्यांवरून काढलेला होता. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले, तपासणीकेंद्रेही वाढली, आणि २००७ मध्ये अंदाज सुमारे २५ लाखांवर आला. या वेळी दवाखान्यात न आलेले लोक आलेल्यांपेक्षा निरोगी निघाले. कोणत्या दिशेने चूक होईल हे आधी ठरवून बसणे हाही पूर्वग्रहच, मग तो कितीही कळवळ्याचा असो.

शेवटचा आक्षेप ज्ञानाचा नाही, नीतीचा आहे, आणि मला तो सर्वात अवघड वाटतो. काही रकाने रिकामे असतात कारण माणसाने स्पष्ट नकार दिला. त्याने न दिलेले उत्तर त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उत्तरांवरून भरणे म्हणजे त्याच्या नकाराला वळसा घालणे नाही का? मलावीतल्या अभ्यासात दिसले की आपल्याला एचआयव्ही आहे हे ज्यांना आधीच ठाऊक होते, ते सर्वेक्षणात रक्त द्यायला इतरांपेक्षा जास्त नकार देत. म्हणजे नकारच काहीतरी सांगत होता, आणि तो ऐकला नाही तर साथीचा अंदाज कमी निघणार, औषधे कमी येणार, आणि त्याची झळ पहिल्यांदा नकार देणाऱ्यांनाच बसणार. माझे उत्तर असे की नकाराचा अधिकार व्यक्तीचा आहे आणि अनुमान समूहाचे आहे. दोघांमधली भिंत पक्की राखली तर दोन्ही टिकतात. भरलेला आकडा त्या माणसाच्या नावावर कधीही चढता कामा नये, त्याच्या विम्याच्या, नोकरीच्या वा उपचाराच्या फायलीत तो दिसता कामा नये, आणि समूहाचे गणित झाले की तो टाकून द्यावा. आज ज्या प्रणाली व्यक्तीच्या गहाळ माहितीचा अंदाज बांधून त्या व्यक्तीबद्दलच निर्णय घेतात, त्यांनी ही भिंत पाडली आहे. गणित तेच असले तरी कृत्य वेगळे आहे. आणि समूहाच्या बाबतीतही नकारामागचे कारण जाणून घेणे हे काम शिल्लक राहतेच. रक्त देण्याने गावात बभ्रा होईल या भीतीने जो नाही म्हणाला, त्याच्यासाठी चांगल्या सूत्रापेक्षा गुप्तता पाळणारी परिचारिका जास्त उपयोगाची, आणि त्या परिचारिकेच्या नेमणुकीचा खर्च संशोधनाच्या अंदाजपत्रकात विश्लेषणाच्या खर्चाआधी लिहिला जायला हवा.